सरळ रेषेतलं अंतर

कुठल्याही दोन विमानतळांची नावं दिली की त्यांच्यामधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी गणकयंत्रं हल्ली फोनवर फुकट मिळतात. ज्याला कुठेही जायचं नाही अशा माणसासाठी याहून चांगली सोय नाही. मी त्यातलाच. दुपारचा चहा होईपर्यंत मी एका चौकटीत उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डमधलं लाँगइयरब्येन भरतो आणि दुसऱ्या चौकटीत प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाचं मातावेरी. लगेच उत्तर येतं: सुमारे 13,700 किलोमीटर, साडेसोळा तास. एका टोकाला पांढरी अस्वलं, दुसऱ्या टोकाला दगडाचे मोआई पुतळे. दोन्ही पक्षांना भेटीची घाई नाही आणि त्यांच्यामध्ये थेट विमानही नाही. पण यंत्राला आपण अंतर विचारलं, विमान आहे का हे विचारलंच नाही. मग ते तरी कशाला बोलेल?

या यंत्राचा हिशेब सोपा असतो. पृथ्वी हा सुमारे 6,371 किलोमीटर त्रिज्येचा गोल मानायचा, दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि त्यांना जोडणाऱ्या सर्वांत लहान कमानीची लांबी काढायची. मग ताशी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास वेग धरून भागाकार करायचा. चढायला-उतरायला म्हणून वर अर्धा तास टाकायचा. झालं. यात वारा नाही, इंधन नाही, वैमानिकाची साप्ताहिक सुट्टी नाही. मुंबई-दिल्लीसारख्या रहदारीच्या मार्गावर हे उत्तर बऱ्यापैकी जमतं. आडबाजूच्या विमानतळांवर मात्र त्याची फजिती होते आणि ती बघण्यासारखी असते.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन शेजारची बेटं. दोघांमध्ये हवाई अंतर 2.7 किलोमीटर. यंत्राच्या रीतीनं गेलात तर उत्तर येतं अर्धा तास आणि वर अकरा-बारा सेकंद. प्रत्यक्षात लोगनएअर कंपनीच्या वेळापत्रकात या उड्डाणाला दोन मिनिटं दिलेली आहेत आणि वारा पाठीशी असला तर एक मिनिटही पुष्कळ होतं. जगातली ही सर्वांत छोटी नियमित विमानसेवा 1967 पासून चालू आहे. गंमत म्हणजे त्या दोन बेटांमधल्या होडीला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे यंत्रानं विमानाचा म्हणून सांगितलेला वेळ होडीला बराचसा लागू पडतो.

2.7 किलोमीटर म्हणजे किती? मुंबईच्या विमानतळाची मोठी धावपट्टी सुमारे 3.4 किलोमीटरची आहे. हे अख्खं उड्डाण, त्यातल्या समुद्रासकट, तिच्यावर मावून जागा उरते. सांताक्रूझला आपलं विमान धावपट्टीच्या रांगेत उभं असतं तेवढ्या वेळात पापा वेस्ट्रेचा माणूस घरी जाऊन चहाचं आधण ठेवतो.

हे विमान ब्रिटन-नॉर्मन आयलंडर जातीचं, दोन पंख्यांचं, आठेक प्रवाशांचं. वैमानिकाची खोली वेगळी नसते. एखाद्या प्रवाशाला त्याच्या शेजारीच बसायला मिळतं आणि बाकीचे मागून त्याच्या खांद्यावरून पुढचा देखावा बघतात. मी हे सगळं आमच्या आत्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खायला काय देतात?" काहीच देत नाहीत म्हटल्यावर या प्रवासातला तिचा रस संपला. दादरला गाडीत बसून कल्याणच्या आत डबा उघडणाऱ्या पिढीची ती प्रतिनिधी. एका मिनिटात संपणाऱ्या गोष्टीला प्रवास म्हणायला ती तयार नव्हती.

या मार्गाचा विक्रम 53 सेकंदांचा आहे. तो करणारे स्टुअर्ट लिंकलेटर 2013 मध्ये निवृत्त झाले, तोवर त्यांनी ही एवढीशी झेप 12,000 हून अधिक वेळा घेतली होती. मी बसल्या बसल्या गुणाकार केला. 12,000 गुणिले 2.7 म्हणजे 32,400 किलोमीटर. पृथ्वीचा परिघ सुमारे 40,000 किलोमीटरचा. एखादी परदेशी सहल करून येणारा प्रवासी जाऊन-येऊन सहज पंचवीस हजार किलोमीटर उडतो आणि वर्षभर त्याच्या गोष्टी सांगतो. इथे एका माणसानं कारकीर्दभर तीच खाडी ओलांडली आणि तिची बेरीज पृथ्वीच्या एका फेरीच्या आसपास कुठेतरी गेली. विमान चालवणं म्हणजे दूर जाणं असा आपला समज असतो. या गृहस्थांचा धंदा जवळ जाण्याचा होता.

आणि एवढ्या जवळ जायला विमान कशाला? पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आतली. तिथे सगळ्या विषयांचे शिक्षक, सगळे डॉक्टर, बँकेची खिडकी अशी व्यवस्था ठेवता येत नाही. ही माणसं फिरतीवर येतात, आजारी माणसं तपासणीला जातात, मुलं शिकायला जातात. ऑर्कनीचं मुख्य गाव कर्कवॉल. तिथून निघालेलं विमान दोन्ही बेटांना शिवून परत जातं आणि ती दोन मिनिटं त्या फेरीतला एक तुकडा आहे. जगभरचे हौशी लोक त्या तुकड्यासाठी तिकीट काढतात, त्याचं प्रमाणपत्र घेतात, फोटो काढतात. शेजारच्या खुर्चीवर मात्र वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेतलेली एखादी शिक्षिका असू शकते. तिच्या दृष्टीनं तो विक्रम नसतो, शाळेला वेळेवर पोचण्याचा मार्ग असतो.

पापा वेस्ट्रेच्या त्या छोट्याशा बेटावर नॅप ऑफ हॉवर नावाचं दगडी घर उभं आहे. पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं. उत्तर युरोपात अजून उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या घरांपैकी ते एक. म्हणजे माणसं इथे पाच हजार वर्षं राहतायत आणि तेवढी सगळी वर्षं पलीकडे काही ना काही काम निघतच असणार. विमान आलं ते परवा. कामं आधीची.

दुसरी जोडी आणखी वेगळी. प्रशांत महासागरात सामोआचा फालेओलो विमानतळ आणि अमेरिकन सामोआचा पागो पागो. मध्ये सुमारे 150 किलोमीटर, छोट्या विमानानं पाऊण तासाच्या आतला रस्ता. इथे यंत्राचा अंदाज फारसा चुकत नाही. घोळ आहे तो घड्याळात नव्हे, दिनदर्शिकेत. या दोन विमानतळांच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते आणि दोन्हीकडच्या घड्याळांत बरोबर 24 तासांचा फरक आहे. काटे तेच, वार वेगळा. रविवारी सकाळी आठला सामोआहून निघालेला माणूस पागो पागोला पोचतो शनिवारी सकाळी पावणेनऊच्या आत. निघण्याच्या आदल्या दिवशी पोचणं ही गोष्ट पुराणात ठीक होती. इथे ती बोर्डिंग पासवर छापून मिळते.

रेषेच्या दोन्ही बाजूंची माणसं मात्र एकच. भाषा एक, सोयरीक एक. 1899 मध्ये जर्मनी आणि अमेरिकेनं या बेटांची वाटणी केली, पश्चिमेचा भाग जर्मनीला आणि पूर्वेचा अमेरिकेला. पुढे पश्चिम भाग 1962 मध्ये स्वतंत्र झाला. तरी वार दोन्हीकडे बराच काळ एकच होता. 1892 पर्यंत सामोआ आशिया-ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा वार पाळत असे. मग अमेरिकी व्यापाऱ्यांच्या आग्रहानं बाजू बदलली आणि त्या वर्षी सामोआत 4 जुलै दोनदा आला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन दोनदा साजरा करायला मिळाला, यात व्यापाऱ्यांचा हिशेब कळून येतो. जवळजवळ एकशेवीस वर्षांनी पारडं फिरलं. आता व्यवहार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी होता. सामोआत शुक्रवार असे तेव्हा तिकडे शनिवारची सुट्टी लागलेली असे, आणि इकडे लोक रविवारी चर्चमध्ये बसले की तिकडे सोमवारचे फोन सुरू होत. आठवड्याचे दोन दिवस असे वाया जात. म्हणून 2011 च्या अखेरीला सामोआनं पुन्हा रेषा ओलांडली. गुरुवार 29 डिसेंबर संपला आणि थेट शनिवार 31 डिसेंबर उजाडला. मधला शुक्रवार झालाच नाही.

आपल्याला याचं फार आश्चर्य वाटू नये. आपल्या पंचांगात तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी होते, एकादशी दोन दिवस येते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तशी नोंदही असते. आपण कुरकुर न करता स्मार्ताची कुठली, भागवताची कुठली, एवढं विचारून उपास करतो. सामोआची 1892 ची ती वृद्धी आणि 2011 चा हा क्षय. फरक इतकाच, की आपल्याकडे हे चंद्र-सूर्य ठरवतात आणि तिकडे ते मंत्रिमंडळानं ठरवलं. आणखी एक फरक आहे. त्या न झालेल्या शुक्रवारचा पगार नोकरदारांना द्यायचा असं सामोआच्या सरकारनं सांगितलं. आपल्या कुठल्याही क्षयतिथीनं अशी कामगिरी केलेली ऐकिवात नाही.

'स्मार्त-भागवत' प्रकारचा वाद तिथेही झाला. शनिवार हा विश्रांतीचा दिवस पाळणारे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक सामोआत आहेत. सरकारनं एक दिवस उडवल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न पडला: दर सात दिवसांनी येणारा आपला दिवस पुढे चालू ठेवायचा, की सरकार ज्याला शनिवार म्हणतं तो पाळायचा? काहींनी सात दिवसांची मोजणी धरली, त्यामुळे ते आता रविवारी प्रार्थना करतात. काहींनी नावाचा शनिवार धरला. आता यातला कुणी पाऊण तासाचं विमान पकडून पागो पागोला नातलगांकडे गेला, तर त्याचं काय होत असेल हे काढायला माझं डोकं चालत नाही. मी साध्या माणसाचा हिशेब करून पाहतो. त्यानं सामोआत वाढदिवसाचं जेवण करावं, दुसऱ्या दिवशी सकाळी उडावं, पलीकडे वाढदिवस पुन्हा लागलेला असतो. उलट दिशेनं जाणाऱ्याचं नुकसान. पागो पागोहून शनिवारी दुपारी निघालात तर सामोआत उतरता रविवारी दुपारी. अख्खी सुट्टी हवेत विरते आणि विमान कंपनीकडे तिची भरपाई मागता येत नाही.

याच बेटांवर सामोआ एअर नावाची छोटी कंपनी होती. 2013 मध्ये तिनं माणशी भाडं बंद करून किलोवर भाडं लावलं: प्रवासी अधिक सामान, जे वजन होईल त्याचे पैसे. लहान विमानाला वजनाचाच प्रश्न असतो, त्यामुळे हिशेब चोख होता. पण त्या काट्यापाशी रांगेत उभं राहून आपला आकडा मोठ्यानं ऐकणं, हे धैर्य किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

तिसरी जोडी माझ्या विशेष आवडीची, कारण तिथे यंत्र बरोबर असूनही काही उपयोगाचं नाही. अटलांटिकच्या दक्षिण भागातलं सेंट हेलेना आणि त्याच महासागरातलं फॉकलंड. दोन्ही ब्रिटनच्या ताब्यातली. यंत्र सांगतं, सुमारे 6,100 किलोमीटर, साडेसात तासांच्या आसपास.

सेंट हेलेना हे मुळात पोचायला अवघड म्हणूनच प्रसिद्ध झालेलं बेट. वॉटर्लूनंतर नेपोलियनला कुठे ठेवावं, जिथून तो पुन्हा येणार नाही, याचं उत्तर म्हणून इंग्रजांनी ते निवडलं. त्याला घेऊन येणारं जहाज सुमारे दहा आठवड्यांनी, 15 ऑक्टोबर 1815 ला, तिथे लागलं. पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं 14 ऑक्टोबर 2017 ला. म्हणजे द्विशतक ओलांडून वर्ष-दोन वर्षं होईतो हे बेट जहाजाच्याच भरवशावर होतं. शेवटच्या काळात आरएमएस सेंट हेलेना हे टपालजहाज केपटाऊनहून पाच दिवसांत पोचायचं. वाटेत प्रवाशांची ओळख व्हायची, डेकवर क्रिकेट रंगायचं, आणि बेटावरच्या जेम्सटाऊनला उतरेपर्यंत कोण कुणाचा कोण ते सगळ्यांना कळलेलं असायचं. बेटावर जोनाथन नावाचं कासव आहे, तेही 1882 मध्ये जहाजानंच आलं. ते अजून परतीच्या गाडीची चौकशी न करता गव्हर्नरच्या बंगल्याच्या हिरवळीवर चरत असतं.

विमानतळाला साडेअठ्ठावीस कोटी पौंड लागले. 2016 च्या मे महिन्यात उद्घाटन ठरलं होतं. पण धावपट्टीच्या उत्तर टोकाला कडा आणि तिथे वारा एकदम दिशा आणि जोर बदलतो, हे चाचणीच्या उड्डाणांत नीट कळलं. उद्घाटन लांबलं. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी 'जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ' असं त्याचं बारसं केलं. शेवटी छोटं एम्ब्रेअर विमान आणि अनुभवी वैमानिक यांच्या जोरावर जोहान्सबर्गहून सेवा सुरू झाली. त्या विमानानं एक गोष्ट केली ती मला फार शहाणपणाची वाटते. सेंट हेलेनाकडे जाताना ते नामिबियात थांबून टाकी भरून घेई. पोचायला लागतं तेवढं इंधन पुरे नाही. वाऱ्यानं उतरू दिलं नाही तर आफ्रिकेपर्यंत परत येता आलं पाहिजे, कारण आसपास दुसरा विमानतळ नाही. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. इथे तो शिष्टाचार इंधनाच्या टाकीत भरलेला असतो. यंत्राला जाणं तेवढं ठाऊक, येणं धरून अंतर काढायचं त्याला कुणी शिकवलेलं नाही.

आता फॉकलंडहून सेंट हेलेनाला जायचं आहे. फॉकलंडहून चिलीकडे जाणारं विमान आठवड्यातून एकदा, शनिवारी. पुंता अरेनास, मग सँतियागो, तिथून साओ पावलो, तिथून समुद्र ओलांडून जोहान्सबर्ग. इथवर पोचता पोचता शनिवार कधीच गेलेला असतो. आणि जोहान्सबर्गहून सेंट हेलेनाचं विमान पहिली काही वर्षं आठवड्यातून एकदाच होतं, तेही शनिवारी. दोन्ही कंपन्यांनी एकमेकींना विचारायचं कारण नव्हतं. पण साडेसात तासांचा आठवडा झाला तो या एका शनिवारापायी. दुसरा रस्ता म्हणजे लष्करी विमानानं इंग्लंडला जायचं, मग लंडनहून जोहान्सबर्ग, मग सेंट हेलेना. दक्षिण गोलार्धातल्या एका बेटावरून दुसऱ्यावर जायला विषुववृत्त दोनदा ओलांडायचं.

आता कुणी म्हणेल, जाऊ दे ना, त्या दोन टोकांमध्ये कुणाला जायचंय? मलाही आधी तसंच वाटायचं. पण सेंट हेलेनाची माणसं, तिकडे त्यांना 'सेंट' म्हणतात, पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली आहेत. बेटावर काम कमी, पगार कमी. त्यांतली बरीच ॲसेन्शन बेटावर आणि फॉकलंडवर नोकरीला असतात, लष्करी तळावर, हॉटेलांत, दुकानांत. म्हणजे माझ्या रिकामटेकड्या दुपारीतली ती रेष कुणाच्या तरी गावी जाण्याची रेष निघाली. त्यांच्या रजेच्या अर्जात प्रवासाचे दिवस वेगळे धरावे लागत असणार आणि मुक्कामाचे वेगळे. आपल्याकडे गणपतीला चार दिवसांसाठी कोकणात जाणारे चाकरमानी रस्त्यावर दीड दिवस घालवतात. त्यांना हे गणित समजावून सांगावं लागणार नाही.

या सगळ्या जोड्यांचा विचार करताना मला वाटू लागलंय की विमानाचा वेळ किलोमीटरवरून ठरत नाही, तिकडे कुणाचं काय काम आहे त्यावरून ठरतो. आणि तेवढंही पुरत नाही. ते काम असणारी माणसं एक विमान भरण्याइतकी असावी लागतात, किंवा ते अर्धं रिकामं न्यायला एखादं सरकार तयार असावं लागतं. पापा वेस्ट्रेच्या नव्वदेक माणसांना दोन मिनिटांचं विमान मिळतं, कारण तिथे शाळा चालली पाहिजे असं कुणीतरी ठरवलंय. फॉकलंडमधल्या सेंटांना साडेसात तासांचं मिळत नाही, कारण त्यांनी घरी जावं असं फक्त त्यांनाच वाटतं.

आत्याला मी ही तिसरी गोष्टही सांगितली. ती अंतर कधी विचारत नाही. कुठल्याही गावाचं नाव निघालं की तिचा एकच प्रश्न असतो, "तिकडे आपलं कोण?" भाची आहे म्हणून न्यू जर्सी तिला जवळ. गडचिरोलीत कुणी नाही, म्हणून गडचिरोली लांब. तिच्या या मापानं फॉकलंड आणि सेंट हेलेना खेटूनच आहेत, इकडे मुलगा आणि तिकडे आई. यंत्राच्या मापानं साडेसात तास आहेत. दोन्ही मापं आपापल्या जागी बरोबर, पण खिडकीवरचा माणूस तिकीट फाडतो ते शनिवार बघून.